साथ आली की जिल्ह्याची दोरी कुणाच्या हातात? (सातारा-सांगलीच्या अनुभवावरून)

कृष्णाकाठी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतो. कोरोनाबद्दल लस, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, लॉकडाऊन सगळं बोलून झालं. पण जिल्ह्यात निर्णय घेणारी जी पाच-सहा माणसं होती, ती त्याआधी काय करत होती, हे कुणी काढत नाही. कुणी उभा जन्म ऑपरेशन थिएटरात घालवलेला, कुणी पल्स पोलिओच्या मोहिमा काढलेल्या, कुणी प्रांत म्हणून वाळूचे ट्रक अडवलेले. साथ सगळ्यांपुढं एकच होती, पण प्रत्येकाची नजर पहिल्यांदा वेगळ्या जागी गेली.

सांगलीचं सांगतो. 23 मार्च 2020 ला इस्लामपूरच्या एका कुटुंबातले सौदीहून परतलेले चौघे पॉझिटिव्ह निघाले. पुढच्या काही दिवसांत त्यांच्याच गोतावळ्यात आकडा 26 वर गेला. टीव्हीवर दिवसभर इस्लामपूर. मिरजेचं सिव्हिल कोविडसाठी रिकामं केलं, गाव सील झालं, घर न् घर सर्व्हे झाला. साखळी त्या गोतावळ्याबाहेर फारशी गेली नाही आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक लोक घरी परतले.

हे जमलं त्यामागं, माझ्या मते, ऑगस्ट 2019 चा महापूर होता. पुरात जिल्हाधिकारी होते डॉ. अभिजित चौधरी, आणि मार्चमध्येही तेच. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, पोलीस पाटील ही सगळी फौज सात महिन्यांपूर्वीच एकत्र चिखलात उतरलेली. कुठल्या मंगल कार्यालयात पाण्याची सोय आहे, कुणाला रात्री दोनला फोन केला तरी ट्रॅक्टर मिळतो, हे तोंडपाठ. ही माहिती कुठल्याही पदवीत शिकवत नाहीत.

आता प्रश्न. पुढची साथ येईल तेव्हा जिल्ह्यात कोण असावं? डॉक्टर, सनदी अधिकारी, की आणखी कुणी? सातारकरांनीही लिहा.

हळदीचं_पेव

पैला! वाचतोय. पण कृष्णाकाठी, पुराचं श्रेय साहेबाला देताय की पुराला? :)

कृष्णाकाठी

पुराला. साहेब बदलून गेले असते तरी तलाठी तोच होता.

पीएसएमवाला_मिरज

एक गैरसमज आधी काढतो. 'जिल्ह्याचा आरोग्यप्रमुख' असा एक माणूस आपल्याकडं नसतोच.

जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपला सिव्हिल सर्जन, राज्याच्या आरोग्य विभागाचा. त्याच्याकडं जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं. जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणजे डीएचओ, तो जिल्हा परिषदेत सीईओंच्या हाताखाली. प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं, आशा त्याच्याकडं. महापालिका असेल तर तिचा आरोग्य अधिकारी आयुक्तांना उत्तर देतो. मिरजेसारखं सरकारी मेडिकल कॉलेज असेल तर अधिष्ठाता वैद्यकीय शिक्षण विभागाचे. चार डॉक्टर आणि चौघांचे साहेब वेगवेगळे. सांगलीत हे चारही आहेत. साताऱ्यात महापालिका नाही, आणि 2020 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालेलं नव्हतं. सुरुवातीला तिथले स्वॅब पुण्याला जायचे आणि रुग्णांचा मोठा भार कराडच्या कृष्णा हॉस्पिटलनं उचलला.

आता पार्श्वभूमीचा मुद्दा. सिव्हिल सर्जन बहुतेक वेळा सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असतो. त्याची कारकीर्द खाटेवरच्या माणसाभोवती गेलेली. साथ आली की त्याचा पहिला प्रश्न: बेड किती, व्हेंटिलेटर किती, नर्स किती? प्रश्न योग्यच आहे. पण माझ्यासारख्या सामाजिक वैद्यकशास्त्रवाल्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा रुग्ण कुठून आला, आणि याच्या आधी कोण? खाटा वाढवून साथ थांबत नाही, खाटेपर्यंत येणारे कमी झाले तर थांबते. दोन्ही माणसं एका टेबलावर हवीत. प्रत्यक्षात आढावा बैठकीत चर्चा दोन तास बेडवर व्हायची आणि ट्रेसिंगला शेवटची दहा मिनिटं मिळायची, कारण बेड मोजता येतात आणि आमदारांना फोनवर सांगता येतात.

आणि हो, पीएसएम म्हणजे ही सामाजिक वैद्यकशास्त्राची शाखा आमच्यात कुणी हौसेनं घेत नाही. नीटमध्ये बाकीचं मिळालं नाही की घेतात. मीही त्यातलाच.

निवृत्त_नायब

डॉक्टरसाहेब, टेबलाचं बोललात म्हणून लिहितो. टेबल कुणाचं आहे ते बघा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005, कलम 25: जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, आणि सहअध्यक्ष निवडून आलेला, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. 14 मार्च 2020 ला राज्यानं 1897 च्या साथरोग कायद्याखाली नियम काढले, त्यातही अधिकार कलेक्टर आणि आयुक्तांच्या हातात.

आता हे कलेक्टरलाच का? कारण साथीत औषध हा कामाचा चौथा हिस्सा. बाकी काय असतं? इमारत ताब्यात घ्या, गाड्या अधिग्रहित करा, पास द्या, पास नाकारा, रेशन पोचवा, परराज्यातल्या मजुरांची यादी करून रेल्वेत बसवा, प्रेतं नातेवाईक घेईनात त्यांची सोय करा. यातलं कुठलं काम एमबीबीएसला शिकवतात? आमच्या महसूलवाल्यांना लोक शिव्या देतात, पण दुष्काळ, पूर, निवडणूक, जनगणना करून करून आमची पाठ वाकलेली असते. निवडणूक घेतलेला माणूस लसीकरण केंद्र दोन दिवसांत उभं करतो. बूथ तोच, शिक्षक तेच, यादी तीच.

आरोग्य_सहाय्यक_खटाव

नायबसाहेब, यादी ती नव्हती. मतदार यादीत लहान पोरं नसत्यात आणि आपल्याकडं निम्मं गाव मुंबईला असून यादीत इथं असतंय. लसीकरणाला उपयोगी पडली ती आशाताईची वही.

मी आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. आमची पार्श्वभूमी म्हणजे मलेरिया. ताप आला की बोटाला सुई, काचपट्टीवर रक्त, घराच्या भिंतीवर तारीख. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घर. नंतर पल्स पोलिओ आला. त्यात सूक्ष्म नियोजन म्हणजे काय ते शिकलो: वस्ती, पाल, वीटभट्टी, ऊसतोडीची टोळी, यात्रेत आलेला बायाबाप्यांचा जथा, सगळं कागदावर आधी. लस कुठल्या आयएलआरमधून, म्हणजे लसीच्या फ्रिजमधून निघणार, कुठल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून जाणार, कोण नेणार, दुपारी बर्फ संपला तर काय. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा, ते उगाच झालं नाही.

तर 2020 मध्ये आमच्या तालुक्यात ज्या साहेबांनी पूर्वी पोलिओ, कुष्ठरोग, क्षयरोग असली कामं केली होती त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रजिस्टर कुणाकडं? हाय रिस्क, लो रिस्क वेगळं लिहा." ज्यांची उमेद हॉस्पिटलात गेली होती त्यांनी विचारलं, "ॲम्ब्युलन्स कुठाय?" साहेब वाईट नव्हते, पण वस्तीवर कसं जायचं त्यांना ठावं नव्हतं. एक साहेब तर पीपीई किट घालून सर्व्हेला उतरले. अख्खी वस्ती दारं लावून बसली. नंतर आशाताई नुसता मास्क लावून गेली तर चहा मिळाला आणि सगळी माहितीपण.

2021 च्या मे महिन्यातलं ॲपचं सांगायचं म्हणजे, 18 च्या वरच्यांसाठी कोविनवर बुकिंग. आमच्या केंद्रावर सकाळी चारचाकीतून शहरातली माणसं उतरायची. गावातली पोरं कट्ट्यावर बसून बघायची. पोलिओ राबवलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की यादी गावाची असते, मोबाईलची नसते.

हळदीचं_पेव

खटाव, कडक. पीपीईवाला किस्सा घरात वाचून दाखवला.

मेणवली_घाट

मी इतिहासातला माणूस, म्हणून जरा मागं जातो. या विषयाचं सगळ्यात जळजळीत उदाहरण सातारा जिल्ह्यातूनच पुण्याला गेलं होतं. वॉल्टर चार्ल्स रँड.

रँड डॉक्टर नव्हता, सनदी अधिकारी. पुण्याच्या प्लेगवर नेमणूक व्हायच्या आधी तो साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता. आमच्या वाईत मिरवणुकीतल्या वाद्यांवरून वाद पेटला तेव्हा त्यानं गावातल्या प्रतिष्ठित लोकांना तुरुंगात धाडलं. त्यामुळं फेब्रुवारी 1897 मध्ये तो पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष झाला तेव्हा वाईकरांना काय येणार याची कल्पना असणार. लोक म्हणजे आधी कायदा मोडणारे, मग रुग्ण, ही नजर त्यानं इथूनच नेली.

समितीत आणखी दोघं. मेजर पॅजेट हा लष्करी अधिकारी. तिसरा सर्जन-कॅप्टन बेव्हरिज, लष्करी डॉक्टर, आणि त्यानं 1894 ची हाँगकाँगमधली प्लेगची साथ हाताळलेली. हाँगकाँगमध्ये गोऱ्या सोल्जरांकडून चिनी वस्तीतली घरं तपासून रुग्ण बाहेर काढणं, सामान जाळणं, चुना फासणं असा कार्यक्रम झाला होता. तोच पुण्यात उतरवला. सोल्जर घरात घुसले, देवघरात, माजघरात. पुढं 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंड, चापेकर बंधू हे सगळ्यांना पाठ आहे. रँड 3 जुलैला मेला.

म्हणजे समितीत प्लेगचा प्रत्यक्ष अनुभव असलेला डॉक्टर होता, तरीही हे झालं. "डॉक्टर नेमा, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांनी बेव्हरिज विसरू नये. अनुभव होता, पण तो दुसऱ्या गावचा, आणि तिथंही लोकांवर जबरदस्ती करूनच मिळवलेला.

पीएसएमवाला_मिरज

यात एक वैद्यकीय तळटीप. हे सगळं चाललं तेव्हा प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे माहीतच नव्हतं. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ते कराचीत 1898 मध्ये दाखवलं. म्हणजे सोल्जर माणसं उचलत होते आणि उंदीर तिथंच राहत होते. अधिकाऱ्याला माहीत नसलेली गोष्ट असणारच, प्रत्येक साथीत असते. अशा वेळी तो आपल्या जुन्या सवयीवर जातो. म्हणून सवय कुठली, ते महत्त्वाचं.

आणि प्लेगची लस शोधणारा हाफकिन डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्राचा माणूस. 10 जानेवारी 1897 ला मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं गेले तेव्हा खापर त्याच्यावर फुटलं, पुढं तो निर्दोष ठरला. तो वैद्यकीय सेवेतला असता तर इतक्या सहज बळी दिला नसता, असं मला कायम वाटतं.

नायगाव_खंडाळा

मेणवली, तुम्ही 1897 काढलंच आहे तर त्याच साथीत पुण्यातच काम करणारं आमच्या जिल्ह्याचं दुसरं माणूसही सांगा की. सावित्रीबाई फुले नायगावच्या, आज खंडाळा तालुका. मुलगा यशवंत डॉक्टर, लष्करी नोकरीतला. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून त्यानं हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या गायकवाडांचं पोर आजारी आहे कळल्यावर बाईंनी ते स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 ला गेल्या. यशवंतरावही 1905 मध्ये प्लेगनंच गेले.

यशवंतरावांची पार्श्वभूमीही लष्करी डॉक्टरचीच! बेव्हरिजसारखी. पण घरी 1876-77 च्या दुष्काळात अन्नछत्रं चालवलेली आई होती.

मेणवली_घाट

नायगाव, हे मला सुचायला हवं होतं. लष्करी डॉक्टर दोघं, साथ एक, साल एक. एकाच्या मागं फौज, एकाच्या मागं सत्यशोधक घर. यावर स्वतंत्र धागा व्हावा.

ढेबेवाडी_टू_घाटकोपर

इतिहास छान. आता आमच्यासारख्यांचं ऐका. मे 2020, पाटण तालुका. मुंबईहून पास काढून, घाट चढून आलो तर वेशीवर बांबू. चौदा दिवस झेडपीच्या शाळेत. त्यात कुणाला तक्रार नव्हती, साथ होतीच. पण शाळेत संडास एक आणि आम्ही पाच कुटुंबं. ग्रामसमितीत कोण होतं? ज्यांना दर गणपतीला आमच्या वर्गणीवर मांडव लागतो तेच. त्यांची पार्श्वभूमी काढू का? :)

तालुक्याच्या साहेबांनी येऊन लांबून हात केला आणि गेले. एक मात्र खरं, शाळेचे हेडमास्तर रोज यायचे. वहीत प्रत्येकाचं तापमान, कुणाला मधुमेहाची गोळी संपली, कुणाच्या पोराला दूध हवं, सगळं. आमच्यातल्या एक बाई आजारी पडल्या तेव्हा हेडमास्तरांच्या वहीमुळंच कराडच्या हॉस्पिटलला कळलं की आधीपासून त्रास काय होता.

गलाई_विटा

ढेबेवाडी, शाळेत आम्हीही होतो. खानापूर तालुका. आमचा गलाईचा धंदा, सोनं-चांदी गाळायचा. विटा, आटपाडी, कवठेमहांकाळकडची माणसं भारतभर पसरलीत. मी त्रिशूरला असतो. देशातला पहिला कोरोना रुग्ण 30 जानेवारी 2020 ला तिथंच सापडला, वुहानहून आलेली मुलगी.

तिथं काय बघितलं ते लिहितो, कारण कृष्णाकाठींचा प्रश्न तिथं बरोबर बसतो. आमच्या दुकानात सगळ्यात आधी कलेक्टरचा माणूस आला नाही की पोलीस आला नाही. आला जेएचआय, म्हणजे ज्युनिअर हेल्थ इन्स्पेक्टर. त्याच्यासोबत वॉर्डाची मेंबर बाई. महाराष्ट्रातून कोण आलंय, कधी आलंय, खोलीत किती जण झोपता, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून रोज फोन. बंद काळात कुटुंबश्रीच्या, म्हणजे तिथल्या बचत गटांच्या बायकांनी स्वस्त जेवण चालवलं. मल्याळम आमची तोडकीमोडकी, तरी निभावलं.

त्यांच्या आरोग्यमंत्री शैलजा टीचर, आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या. डॉक्टर नाहीत. पण 2018 ला कोझिकोडकडं निपाह आला होता, 17 माणसं गेली, तेव्हा त्याच मंत्री होत्या. म्हणजे वुहानची बातमी आली तेव्हा त्यांच्या खात्याला संपर्कयादी काय चीज असते हे नव्यानं समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्याकडं पूर, त्यांच्याकडं निपाह.

जूनमध्ये गावी आलो. गावातही ज्यांनी खरं सांभाळलं ते झेडपीचे मास्तर आणि अंगणवाडीताई. मला वाटतं हजेरीपट आयुष्यभर भरलेला माणूस साथीत कामाला येतो. कोण नाही, ते त्याला लगेच दिसतं.

आरोग्य_सहाय्यक_खटाव

शेवटचं वाक्य कापून भिंतीवर लावतो.

कराडकर_ब्रॅम्प्टन

मी कॅनडातून. इथलं ओंटारिओचं सांगतो, तुलनेसाठी. तेव्हा प्रांतात 34 स्थानिक आरोग्य विभाग होते आणि प्रत्येकाचा प्रमुख 'मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ'. तो डॉक्टर लागतो, आणि शिवाय सार्वजनिक आरोग्याचं वेगळं शिक्षण लागतं. नुसता सर्जन चालत नाही. आणि त्याच्या हातात कायद्याचं कलम 22 आहे. साथ रोखायला गरज वाटली तर तो स्वतःच्या सहीनं आदेश काढतो.

आमच्या पील भागात गोदामं, कारखाने, ट्रकवाले, बहुतेक पंजाबी-गुजराती कामगार. घरून काम करा म्हणणं सोपं, पॅकिंग घरून कसं करणार? प्रांताचं सरकार गोदामं बंद करायला तयार नव्हतं. एप्रिल 2021 मध्ये पीलचे आरोग्य अधिकारी डॉ. लॉरेन्स लोह यांनी कलम 22 वापरलं: चौदा दिवसांत पाच किंवा जास्त संबंधित रुग्ण निघाले तर ती कामाची जागा दहा दिवस बंद. टोरंटोनंही त्याच वेळी तेच केलं. बेडच्या मागं धावणाऱ्या माणसाला हे सुचलं असतं असं वाटत नाही. रुग्ण कुठून येतायत, याची यादी समोर ठेवून बसणाऱ्याला सुचलं.

निवृत्त_नायब

छान आहे. पण समजा आपल्या डीएचओनं असा आदेश काढला आणि कारखाना पालकमंत्र्यांच्या जवळच्याचा निघाला, तर तो डीएचओ पुढच्या सोमवारी कुठं असेल? गडचिरोलीत. कलेक्टरचीही बदली होते, पण त्याला आठ दिवस जास्त लागतात. त्या आठ दिवसांत पुष्कळ कामं होतात.

पीएसएमवाला_मिरज

नायब, हे मात्र शंभर टक्के. :)

सनदी अधिकारी आणि डॉक्टर दोन्ही असलेलं उदाहरणही आहे. नंदुरबारचे तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, एमबीबीएस, धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल कुटुंबातले. पहिली लाट ओसरल्यावर सगळीकडं कोविड सेंटरांचे मांडव उतरत होते, तेव्हा यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट उभे केले. एप्रिल 2021 ला मोठी शहरं सिलिंडरसाठी रडत होती आणि नंदुरबार निभावून गेलं. दुर्गम आदिवासी जिल्ह्यात टँकर वेळेवर पोचणार नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

उलट बाजू म्हणजे राजस्थानातलं भिलवाडा. तिथं एका खासगी हॉस्पिटलातूनच साथ फुटली. कलेक्टर राजेंद्र भट्ट डॉक्टर नव्हते, राज्यसेवेतून बढतीनं वर आलेले. संचारबंदी आणि जिल्हाभर घरोघर तपासणी, पद्धत महसुली, पण जमलं. त्यामुळं पदवीचा नियम काढायला गेलं की हात पोळतात.

हळदीचं_पेव

सगळे डॉक्टर-कलेक्टर करताय. मी एका दुर्लक्षित जमातीबद्दल लिहितो: लेखाधिकारी.

मे 2020 ला सरकारनं खासगी हॉस्पिटलातल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले. साधा वॉर्ड 4000, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000 रोजचे. कागदावर. 2021 मध्ये आमच्या वडिलांचं बिल हातात आलं तेव्हा त्यात पीपीईचे पैसे रोज असे लावलेले की अख्ख्या वॉर्डानं आमच्याच खर्चानं किट घातलं असावं. कुठलं हॉस्पिटल ते सोडा. वरच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, उपचार उत्तम झालेत. झालेच होते, वडील चालत घरी आले. पण बिल?

बिल तपासायला सरकारनं नेमलेले ऑडिटर होते, त्यातले एक ट्रेझरीतले गृहस्थ. चष्मा पुसून ओळ न् ओळ वाचली. "हे दरात समाविष्ट आहे. हे पण. हे दोनदा लागलंय." बिल बऱ्यापैकी उतरलं. त्यांना फुफ्फुसाचं काही कळत नव्हतं, व्हाउचर कळत होतं. पुढच्या साथीत माझा पहिला मान त्यांना.

कृष्णाकाठी

पेव, हे जमवायचं राहिलंच होतं माझ्याकडून. खरंय, 'नेतृत्व' म्हटलं की आपण फोटोत खुर्चीवर बसलेली माणसं धरतो.

आतापर्यंत वाचून माझा प्रश्न थोडा सरकला. डॉक्टर की कलेक्टर यापेक्षा, माणूस याआधी कुठल्या संकटात होता आणि ते त्यानं लोकांच्या बाजूनं पाहिलं की गाडीच्या काचेतून, असं विचारायला हवं. पण मग एक गोष्ट सुटत नाही. जुलै 2021. बाकी महाराष्ट्र दुसऱ्या लाटेतून बाहेर येत होता आणि सांगली, सातारा, कोल्हापूर मात्र वरच. ऑगस्टच्या सुरुवातीला निर्बंध सैल झाले तेव्हा जे 11 जिल्हे मागं ठेवले त्यात आपले दोन्ही होते. 2020 ला इस्लामपूर आटोक्यात आणणारी यंत्रणा तीच. मग?

आरोग्य_सहाय्यक_खटाव

यंत्रणा तीच नव्हती. दमलेली होती. मेअखेरीस गृहविलगीकरण बंद करा असा 18 जिल्ह्यांना आदेश, त्यात आपण. म्हणजे प्रत्येक पॉझिटिव्हला सेंटरात न्यायचं. लोक तपासणीलाच येईनात, कारण शेतात टोकणी-पेरणीचे दिवस आणि घरात म्हशी. जूनमध्ये आशांचा राज्यभर संप झाला, आणि बरोबर केला. ज्या बाईच्या वहीवर सगळं चाललंय तिचा मोबदला बघा एकदा. त्यात 21-22 जुलैला पुन्हा पाऊस, पुन्हा पूर, डोंगर खचला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आठवत असेल सगळ्यांना.

ढेबेवाडी_टू_घाटकोपर

आठवतंय.

पीएसएमवाला_मिरज

खटाव म्हणाले त्यात भर. इस्लामपूरला एक कुटुंब होतं, नावं-गावं माहीत होती. 2021 मध्ये प्रत्येक रुग्णामागं नावं काढायला माणूसच उरला नव्हता. आम्ही आढावा बैठकीत एका रुग्णामागं किती संपर्क शोधले ते मांडायचो. आकडा दर आठवड्याला घसरत होता आणि पुढचा विषय बेडचा यायचा. इथं मात्र वरच्यांची पार्श्वभूमी नडली असं माझं मत आहे. आकडा घसरतोय म्हणजे काय होणार, हे ज्यानं पूर्वी साथ हाताळलीय त्यालाच पोटात गोळा आणतं.

तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं संचालनालयच वेगळं आहे, आणि 1939 चा सार्वजनिक आरोग्य कायदा. तिथला जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी त्याच कामात वाढतो, हॉस्पिटलातून उचलून आणलेला नसतो. आपल्या 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सगळ्या राज्यांनी असा वेगळा संवर्ग करावा असं लिहिलं आहे.

निवृत्त_नायब

संवर्ग करा. कलम 25 तरी बदलणार नाही, खुर्ची कलेक्टरचीच. प्रश्न उरतो शेजारच्या खुर्चीचा.

पीएसएमवाला_मिरज

शेजारच्या खुर्चीसाठी पद आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात, 2004 पासूनचा तो, जिल्ह्याला साथरोगतज्ज्ञ असतो. उपकेंद्रातून संशयितांचा, डॉक्टरकडून निदान झालेल्यांचा आणि प्रयोगशाळेतून खात्री झालेल्यांचा आकडा त्याच्याकडं येतो. कुठल्या गावात जुलाब अचानक वाढले, हे जिल्ह्यात सगळ्यात आधी त्याला दिसायला हवं. पण पद एनएचएमचं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं, कंत्राटी. बैठकीत तो मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसतो आणि साहेबांना स्लाइड बदलून देतो.

हळदीचं_पेव

आमच्या पुतणीचं कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे तुमचंच पीएसएम, यंदा संपतंय. तिला अर्ज करायला सांगू का?

पीएसएमवाला_मिरज

सांगा की. जाहिरात जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर येते. करार 11 महिन्यांचा असतो, तेवढं घरी आधीच बोलून ठेवा.

आरोग्य_सहाय्यक_खटाव

आणि तिला म्हणावं, रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या आशाताईबरोबर वस्तीवर फिरून ये. खटावला आली तर मी गाडी काढतो.